मातीचा फाळ

काल तुमच्या तेराव्याला पाटणची हौसा आली होती. हे सगळ्यांत आधी सांगते, कारण तुम्ही असता तर आधी तेच विचारलं असतं. जेवणं कशी झाली, आपली शालन सासरहून कधी पोचली, कोण कोण आलं, तुमच्या थोरल्या भावानं काय आरंभलं, हे सगळं मागाहून. आधी, "पाटणची मानसं आली का गं?" माणसं म्हणायचात तुम्ही. तिथं माणूस होतं एकच, तेही बाईमाणूस. तरी तुमच्या तोंडी कायम माणसं.

जिच्या नावानं मी इतके दिवस भांडी आपटली, तिला काल पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगू? माझी निराशाच झाली. मी मनात घडवून ठेवलेली हौसा गोरी होती, नाजूक होती, डोळ्यांत सदा पाणी आणि डोक्यावरचा पदर घसरायला टपलेला. काल दारात उभी राहिली ती माझ्याहून थोरली, रुंद खांद्यांची, रापलेली बाई. हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. अगदी माझ्या हातांवर आहेत तसेच. मला वाटायचं, बायकांत असले डाग आपल्या गल्लीत माझ्या एकटीचे. आता तेही वाटून घ्यावे लागले.

ती रडली नाही. बायकांत बसून चार शब्द बोलली नाही. सरळ भट्टीपाशी गेली, विझल्या कोळशांकडे बघत राहिली आणि गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा ऐरणीवरून हात फिरवला. मला असा राग आला म्हणून सांगू! सुतकात त्या ऐरणीला मीसुद्धा शिवले नव्हते.

तुम्ही म्हणायचात, "बोलतीस तसं लिवत जा, चौथी शिकलीस ती काय लोनच्यात घालायला?" म्हणून लिहायला बसले आहे. आता तुम्हाला मधेच उठून जाता येणार नाही.

साताऱ्याला मी लग्न होऊन आले तेव्हा शिकलेली सून म्हणून सासूबाईंनी आळीभर कौतुक केलं आणि अंगावरची हळद उतरायच्या आत हातात घण दिला. लोहाराच्या घरात घण बायकोनंच मारायचा, ही रीत. माहेरी माझ्याकडे नुसता भाता होता, घण आई मारायची, त्यामुळे मला तो उचलेचना. पहिल्या दिवशी मी घणाबरोबर स्वतःच पुढे गेले. तुम्ही हसला नाहीत. एवढ्या एका गोष्टीवर मी पुढची पुष्कळ वर्षं काढली.

मग हळूहळू कळलं की घण मारणं म्हणजे नुसती ताकद नव्हे. तुम्ही डाव्या हातानं सांडशीत तापलेलं लोखंड धरायचात आणि उजव्या हातात तो छोटा हातोडा. हातोड्यानं लोखंड घडत नाही. हातोडा फक्त दाखवतो, इथं. आणि तिथंच, त्याच क्षणाला, घण पडला पाहिजे. टिक म्हटलं की धाड. हातोडा ऐरणीवर रिकामा वाजला की थांबायचं. घरात सासूबाईंसमोर आपल्याला एकमेकांशी बोलायची चोरी होती, पण भट्टीपाशी आपण दिवसभर बोलत असायचो आणि कुणाला पत्ता नसायचा. तुमचा हातोडा रागावलेला कधी, खुशीत कधी, उपाशी कधी, सगळं मला ऐकू यायचं.

एकदा तुम्ही म्हणालात, "आगं, म्या हातोडा ठिवायच्या आदी तुजा घण वर आसतो. तुला कळतं कसं?"

मी म्हटलं, "तुमच्या खांद्याकडं बघते."

ते खोटं होतं. मी तुमच्या तोंडाकडे बघायची. हातोडा ठेवायच्या जरासं आधी तुम्ही खालचा ओठ आत ओढायचात, लहान मूल ओढतं तसा. हे शेवटपर्यंत तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ओठ आवरला असता आणि माझी सगळी हुशारी उघडी पडली असती.

काम असं देखणं आणि पोट मात्र बलुत्यावर. वर्षभर गावोगावचे फाळ ठोकायचे, विळे-खुरप्यांना धार लावायची आणि सुगीला खळ्यावर पोतं घेऊन उभं राहायचं. देणाऱ्याच्या मनात येईल तेवढं धान्य आपलं. एका सुगीची पाटलीणबाई मला अजून दिसते. "लव्हारा, जरा बाजूला हुबा ऱ्हा, आदी खळं झाडून हुंदे." तुम्ही बाजूला झालात. खळं झाडून झालं आणि झाडून जे निघालं तेच आपल्या पोत्यात पडलं, मातीसकट. घरी येऊन पोतं भिंतीला टेकवलंत आणि म्हणालात, "जितं आपल्या कामाचा भाव आपुन सांगायचा, तितं जायाचं."

बापूभावजी ओट्यावरूनच ओरडले, "आज बलुतं सोडतूयास, उद्या आमास्नी बी सोडशील."

"त्ये तुमच्यावर हाय," म्हणालात. थोरल्या भावाला असं बोलताना मी तुम्हाला त्याच दिवशी पाहिलं. मला फार आवडलात.

सांगली तुम्ही निवडलीत ती गुळासाठी. जिथं गूळ तिथं गुऱ्हाळ, आणि गुऱ्हाळ म्हटलं की रस आटवायला काहील आलीच. चार माणसं आत बसतील एवढी ती लोखंडी कढई एका लोहाराच्या आवाक्यातली नव्हे. पत्रा कापायचा, वाकवायचा, रिबिटा मारून जोडायचा, धरायच्या कड्या घडवायच्या, पाणी भरून पाझर बघायचा. पहिली काहील आपण दोघांनीच केली. तुम्ही बाहेरून रिबिट ठोकत होतात, मी आत बसून लोखंडी ठोकळा लावून धरला होता. एकेका घावासरशी माझे दात वाजायचे. बाहेरून तुम्ही विचारायचात, "हाईस का गं?" आणि मी म्हणायची, "जातीया कुटं?" ती काहील कुठल्या गुऱ्हाळावर गेली ते विसरले, पण तिच्या पोटात बसून ऐकलेला तुमचा आवाज विसरले नाही. चहूबाजूंनी तुम्हीच होतात तेव्हा.

तिथंच थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. "एकटा लव्हार पोट भरतो, धा लव्हारांची पेठ हुती," हे तुमचं खूळ. साताऱ्याकडच्या खेड्यांतून तुम्ही एकेकाला बोलावून आणलंत. आधी तुकाराम आला, मग त्याचा मेव्हणा, मग आणखी कुणी कुणी. कुणी नुसत्या कड्या घडवायच्या, कुणी नुसत्या रिबिटा, काहील सगळ्यांची मिळून. लढाईमुळे पत्र्याला परवाना लागू झाला. एकटादुकटा लोहार कचेरीत गेला तर त्याची पाळीच यायची नाही. तुम्ही सगळी गल्ली घेऊन गेलात आणि भाकऱ्या सोडून पायऱ्यांवर जेवायला बसलात. कारकून घाबरला, त्याला वाटलं सत्याग्रहच आहे. परवाना मिळाला. भाकऱ्या मात्र मी एकटीनं थापल्या होत्या, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तुकारामाचा भाव सांगण्याचा प्रसंग आठवला की अजून हसू येतं. तुम्ही सगळ्यांना पढवलं होतं, "भाव सांगायचा आन् गप बसायचं. आदी जो बोलंल त्यो हरला." उसाचा एक बागाईतदार आला. तुकारामानं धीर करून भाव सांगितला. बागाईतदार काही बोलेना, तंबाखू मळत बसला. इकडे तुकारामाला घाम. शेवटी त्याचा बांध फुटलाच. "न्हाई म्हंजी मालक, तुमी म्हनशीला तसं!" आत तुम्ही सांडशी अशी आपटलीत की भाता ओढणारी मी दचकले. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून सुपाऱ्या आणल्यात, निवडून, फुटता फुटणार नाहीत अशा. "भाव सांगिटला की सुपारी तोंडात टाकायची. ती फुटंस्तवर बोलायचं न्हाई." तेव्हापासून गल्लीत ही रीतच झाली. बाहेरच्या लोकांना वाटायचं, सांगलीच्या लोहारांना सुपारीचं भारी व्यसन.

आणि मग लोकांचं बरं होऊ लागलं. तुकारामाच्या घरावर मंगलोरी कौलं चढली. त्याच्या मेव्हण्याच्या बायकोच्या गळ्यात बोरमाळ आली, ती पाणी भरायला येताना माळ पदरावर काढून ठेवायची. आपल्या घरावर मात्र पाचट ते पाचटच. मी म्हटलं, "दिव्याखाली अंधार." तुम्ही म्हणालात, "आगं, पर दिवा कुनाचा?" एवढ्यावर मी फसायची. आता फसत नाही. तुम्ही सगळ्यांना वर चढवत होतात आणि शिडी धरायला मी खाली उभी होते. मला हेवा वाटायचा. तुकारामाचा वाटायचा, त्याच्या कौलांचा वाटायचा. तुमचा आवाज ऐकायला आता त्यांचीच गर्दी असायची.

एक दिवस तुम्ही घणकरी ठेवलात. धिप्पाड गडी, घण मारायचा तो माशी हाकलल्यासारखा. त्या दिवशी तुम्ही कासाराला घरी बोलावलंत आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरायला लावलेत. तोवर मी हातात दोन दोनच ठेवायची, त्याही वर सारून फडक्यानं बांधलेल्या, घणाच्या हिसक्यानं फुटतात म्हणून. तुम्ही माझे भरले हात पाहून म्हणालात, "आता ह्या फुटायच्या न्हाईत. लव्हाराची बायकू घणावर न्हाई म्हनल्यावं लोक म्हंत्यात, बरं चाललंय."

किती खुशीत होतात! गल्लीतल्या बायका हात बघायला आल्या. मी हसून दाखवले. आणि पुढे रोज स्वयंपाकघरात बसून तुमचा हातोडा ऐकत राहिले. टिक, आणि मग दुसऱ्याचा घण. भाकरी थापताना माझे हात त्या आवाजावर उचलायचे. त्या गड्याचा घण जोरात पडायचा, पण तुमच्याशी बोलायचा नाही. बाकीच्या बायकांना सवत बाई असते. मला घाम गाळणारा, मिशीवाला बाप्या सवत म्हणून मिळाला. वर्षभरात तुम्ही त्यालाही वेगळी भट्टी घालून दिलीत. मला वाटलं, आता बोलावतील. तुम्ही दुसरा गडी आणलात. गेल्या दिवाळीला तोही स्वतःच्या भट्टीवर गेला. नवा मिळेना, तेव्हा तुम्ही तुकारामाकडून तास-दोन तास माणूस उसना आणायचात आणि मी दारात धान्य निवडायला बसलेली असायची. तुम्ही नुसतं "ये" म्हणायचं होतं. मीही "येऊ का" म्हटलं नाही. पीळ दोघांचाही सारखाच.

त्या बांगड्या फुटल्याच हो शेवटी. तुम्हाला उचललं तेव्हा बायकांनी माझे हात दगडावर ठेवले. एवढा वेळ लागला की एक म्हातारी म्हणाली, "किती गं भरल्यात ह्या!"

आता हौसा. तिचा नवरा तुमचा लहानपणचा सोबती, पाटणचा लोहार. पलटणीत गेला आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत राहिला. तुम्ही भेटायला म्हणून गेलात आणि येऊन म्हणालात, "बाई भट्टी बंद करायला तयार न्हाई. घण मारती, पर हातोडा धरायला मानूस न्हाई. तिलाच हातोडा शिकवतो." मी तेव्हा पोळपाट पुसत होते. पोळपाट पुसतच राहिले. मला तुम्ही कधी हातोडा धरू दिला नव्हता. ऐरणीच्या त्या बाजूला तुम्ही, या बाजूला मी, हे देवानं ठरवल्यासारखं होतं. आणि पाटणच्या एका बाईसाठी ते एका दिवसात बदललं.

त्यातून तुम्ही दिवस निवडलात अमावास्येचा. अमावास्येला लोहार लोखंडावर घाव घालत नाही, भट्टी बंद. महिन्यात तेवढा एकच दिवस तुम्ही माझे. साताऱ्यापासून त्या दिवशी मी तुमच्या डोक्याला तेल घालायची आणि तुम्ही मांडीवर डोकं ठेवून झोपायचात. आता तुम्ही आदल्या दिवशीच कराडची सर्व्हिस मोटर गाठायचात, तिथून पाटण. "मुक्काम देवळात," म्हणायचात. मी तेलाची वाटी फडताळात ठेवून द्यायची.

आणि परत आलात की नखांत तांबडी माती! लोहाराच्या नखांत कोळसा असावा, माती कुंभाराच्या. बरं, सांगलीची माती काळी. ही कोयनेकडची, तांबडीलाल. मी तुमचे हात धरून उजेडात नेले आणि विचारलं, "ही कशाची?"

तुम्ही हसलात. "मातीचा फाळ घडवतोय."

"मातीच्या फाळानं कुणाचं शेत नांगरताय?"

तुमचं हसू तिथंच थांबलं. हात सोडवून घेतलेत आणि बाहेर निघून गेलात. पुष्कळ दिवस आपण बोललो नाही. नंतर बोललो, मीठमिरचीचं, पावसापाण्याचं, पण ते वाक्य कुणीच उचललं नाही. तुम्ही एकदा सांगून गप्प बसलात, गिऱ्हाइकासमोर बसायचात तसे. माझ्यापुरती तरी सुपारी थुंकायची होती.

त्या शेवटच्या तापात तुम्ही बोलत नव्हता. मी उशाशी होते. तुमची बोटं खाटेच्या माच्यावर वाजू लागली. टिक. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. मी तळहातानं माच्यावर थाप दिली. पुन्हा टिक, पुन्हा थाप. तुमचा खालचा ओठ आत गेला आणि मला हसू फुटलं, अशा वेळी! असं बराच वेळ चाललं. मग तुमचं बोट एकदा बाजूच्या भिंतीवर वाजलं, रिकामं. मी थांबले. पुढे टिक आलीच नाही.

काल जेवणं झाल्यावर मी मागच्या दारी भांडी घासायला बसले. हौसा न विचारता येऊन बसली आणि परात ओढून घेतली. राख घेऊन घासता घासता म्हणाली, "वैनी, त्यास्नी मी दादा म्हनायची. तुमास्नी ठावं आसंल समदं."

"काहीच ठावं नाही," मी म्हटलं. म्हटलं ते चांगलं घासूनच.

"आवं, अवसंला लोकंडावं घाव घालायचा न्हाई, आन् त्यास्नी सवड अवसंलाच. मग वढ्याची तांबडी माती आनायचे. मळमळ मळायचे. फाळायेवडा गोळा करून पाटावं ठिवायचे आन् त्येच्यावं मला हातोडा धराय शिकवायचे. तापल्यालं लोकंड आन् वली माती सारकीच सरकती, म्हनायचे. जितनं दाबशील तितनं पळती. मातीचा फाळ जमला की दुसऱ्या दिशी म्या भट्टीवं लोकंडाचा करायची."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. "आणि घण? घण कोण मारायचं?"

"घण कुटला? तोंडानं मारायचे. म्या हातोडा ठिवला का म्हनायचे, धाड!" हौसा पहिल्यांदा हसली. "शाळंतल्या पोरावानी. गाव गोळा व्हायचं बगायला. आन् दर डावाला एकच बोलनं. 'माजी कारभारीन आसती तर आतापत्तुर घण पडला आसता.' दर डावाला, वैनी! लय राग यायचा मला तुमचा. म्हनायची, यवडी कोन ही लागून गेली सांगलीची?"

म्हणजे ती तिकडं बसून माझ्यावर जळत होती आणि मी इकडं तिच्यावर. आणि तुम्ही दोघींच्या मधे तांबडी माती मळत बसला होतात. मी हसले, आणि हसता हसता जे रडू आलं ते तेरा दिवसांत आलं नव्हतं. हौसानं माझी भांडीही घासून टाकली आणि रात्री इथंच राहिली.

तुम्ही खरं बोलत होतात, मान्य. पण माझा हेवा त्यानं गेला नाही, वाढला. तिच्यासाठी तुम्ही माती मळलीत. तोंडानं धाड म्हणालात. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी का नाही मळली? मी घण चांगला मारते म्हणून मला घणावरच ठेवलंत, आणि बरे दिवस आल्यावर तिथूनही उठवलंत. चांगलं काम करणाऱ्याला असंच मिळतं का हो? की तुम्हाला भीती होती? माझ्या हातात हातोडा आला तर समोर घण घेऊन तुम्हाला उभं राहावं लागलं असतं. राहिला असता? माझ्या खुणेवर घाव घातला असता? हे मला विचारायचं होतं. आपलं भांडण इथंच अर्धं राहिलं आहे, आणि ते मी सोडलेलं नाही.

आज सकाळी बापूभावजी भट्टीपुढे आले. सुतक फिटल्यावर पहिला घाव घरच्या बाप्यानं घालायचा, ही रीत. नारळ फोडला आणि गल्लीसमोर त्यांनी एक घाव दोन तुकडे करून टाकले. "आता ह्यो घाव घालतो आन् ऐरन गाडीवं चढवतो. साताऱ्याच्या भट्टीला हुईल. बाईनं बी तितंच यावं. शालनचं सासर हाकंवर हाय, लेकीचं तोंड बगत ऱ्हावं. हितं बाई एकली काय करनार?"

तुकाराम आणि बाकीचे खाली बघत उभे. गुऱ्हाळं तोंडावर आली आहेत, काहिलींची मागणी घेऊन ठेवलेली, पत्रा पडलेला. पत्र्याचा परवाना आणि भाव या भट्टीवरून बोलला जातो, हे सगळ्यांना ठाऊक. ही भट्टी उठली की व्यापारी एकेकाला वेगळं गाठणार, आणि "तुमी म्हनशीला तसं" सुरू होणार. तरी एकही बोलेना. भाव सांगायला शिकवलंत, बापूभावजींपुढे बोलायला नाही शिकवलंत त्यांना.

थोरल्या दिरासमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही. पदर डोक्यावरून नीट केला, पुढे झाले आणि ऐरणीवरचा तुमचा हातोडा उचलला. हलका होता हो! मला वाटायचं, किती जड असेल.

"ऐरन हितंच ऱ्हाईल," मी म्हटलं. "हातोडा मी धरनार."

आणि तुमच्या कोनाड्यातली सुपारी घेऊन तोंडात टाकली.

बापूभावजी माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. तुकारामानं ते पाहिलं आणि त्याचाही हात खिशात गेला. मग त्याच्या मेव्हण्याचा. सगळी गल्ली सुपारी गालात धरून उभी. तुम्हाला किती हसू आलं असतं! मला वाटत होतं, आता बोलेन, आता बोलेन. सुपारी फुटत नव्हती, तुम्ही आणलेलीच ती.

शेवटी बापूभावजीच बोलले. "आगं पर, घण कोन मारंल?"

"म्या," मागून हौसा म्हणाली. "पाटनची भट्टी माजा घणावरचा गडी बगंल. काहिली हुईस्तवर म्या हाय हितं."

बापूभावजींनी हौसाकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढली, भात्यापाशी जाऊन बसले आणि दांडा ओढला. भाता चांगला ओढतात ते.

लोखंड लाल झालं. मी सांडशीनं ऐरणीवर घेतलं. समोर, माझ्या जागेवर, हौसा उभी. मी हातोडा ठेवला. टिक. तिनं घण घातला. पुन्हा टिक, पुन्हा घण. काहिलीची पहिली कडी आज दुपारपर्यंत झाली, तुकारामानं हातात घेऊन पाहिली आणि नावं ठेवली नाहीत.

दुपारी पाणी पिताना हौसानं विचारलं, "वैनी, हातोडा ठिवायच्या आदी तुमी व्हट आत वढता, ठावं हाय?" मी म्हटलं, "बघू नकोस माझ्याकडं, लोखंडाकडं बघ."

ताकद आहे तिच्यात. घाव जागेवर पडतो. पण जरासा उशिरा पडतो. इतका थोडा की गल्लीत कुणाला कळणार नाही. तुम्हाला कळला असता, आणि मला कळतो. माझा कधी पडला नव्हता.

तिला सांगायला हवं, मी शिकवेन. तुम्ही माझ्यासाठी मळली नाहीत ती मातीही मळेन. पण आज नाही सांगितलं. आजचा दिवस मला तो उशीर ऐकत बसू दे.